बेटांचे राज्य आणि बोटीचे भाडे

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही ‘इंडोनेशियातील बेटाबेटांमधली मालवाहतूक’ असे उत्तर दिले, तेव्हा ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. त्याने हजारो मैलांवरच्या बोटींची उठाठेव कशासाठी करावी, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. सभ्यपणाने त्यांनी तो विचारला नाही. तुमच्याही मनात तो असेल, म्हणून त्याचे उत्तर आरंभीच देऊन टाकतो.

३ डिसेंबर १९५७ रोजी जाकार्ता शहरात कामगारांनी एका जहाज कंपनीची मुख्य कचेरी ताब्यात घेतली. कंपनी डच होती. तिचे लांबलचक डच नाव घेताना आमची जीभ अडखळते, तेव्हा तिकडचे लोक म्हणत तसे आपणही तिला के.पी.एम. म्हणू. इंडोनेशियाच्या बेटांमधली बहुतेक मालवाहतूक त्या दिवशी या एका कंपनीच्या हाती होती. कामगारांनी दरवाजे ताब्यात घेतले, टेबले ताब्यात घेतली, हिशेबाच्या वह्या ताब्यात घेतल्या. आणि थोड्याच आठवड्यांत त्याच देशातल्या कित्येक बेटांवर तांदूळ मिळेनासा झाला. कामगारांचा एवढा मोठा विजय लोकांच्या ताटापर्यंत पोचेतो असा उलटा कसा झाला, हे कोडे आम्हांला पुष्कळ वर्षे सतावीत आले आहे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि सार्वजनिक वाचनालयाने केले. तेव्हा पंडितांना येथे काही उणे वाटले तर त्यांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम नकाशा डोळ्यांपुढे आणा. सतरा हजारांहून अधिक बेटे. पश्चिमेच्या साबांगपासून पूर्वेच्या मेराउकेपर्यंत ५,००० किलोमीटरांहून अधिक अंतर, म्हणजे मुंबई ते कलकत्ता अंतराच्या तिप्पट. या पसाऱ्यात एकट्या जावा बेटावर देशातील निम्म्याहून अधिक माणसे राहतात, आणि देशाच्या जमिनीपैकी जावाच्या वाट्याला शंभरात सातच भाग. जावा, बाली, लोंबोक, दक्षिण सुलावेसी येथे भात चांगला पिकतो. सुमात्रा आणि कालिमांतान येथे मिरी आणि पुढे रबर. सुलावेसीच्या उत्तर टोकाला मिनाहासा म्हणून प्रांत आहे, तेथे नारळच नारळ. पूर्वेच्या मलुकू बेटांवर लवंग आणि जायफळ. आता जायफळ उगाळून कोणाचे पोट भरत नाही. मसाल्याच्या बेटांना अन्न बाहेरून आणावे लागे, आणि ते पाण्यावरूनच येई. मलुकूच्या आसपासच्या बेटांवर सागू नावाचे ताडासारखे झाड होते. त्याच्या खोडातले पीठ हे तिथल्या गरिबाचे अन्न. आपल्या एकादशीच्या साबुदाण्याचे नाव याच सागूवरून आले. आपला साबुदाणा आज टॅपिओकाच्या कंदाचा होतो, पण नाव त्या समुद्रातले आहे.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन सांगतो. आपले कोळी होडीच्या मालकाला नाखवा म्हणतात. इंडोनेशियात जहाजाच्या कप्तानाला नाखोदा म्हणतात. बंदराला तिकडेही बंदरच म्हणत. दोन्ही शब्द फारसीतून दोहीकडे गेले, आणि ते पुस्तकांतून गेले नाहीत, मालाबरोबर गेले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलाक्का बंदरात परदेशी व्यापाऱ्यांवर देखरेख करणारे चार शहाबंदर असत, आणि त्यांपैकी एक फक्त गुजराथ्यांसाठी होता. गुजराथचे आणि कोरोमंडलचे कापड पूर्वेकडे जाई, जावाचा तांदूळ मलुकूकडे जाई, आणि उलट फेरीस लवंग-जायफळ येई. ही सारी ये-जा वाऱ्यावर चाले. साधारण डिसेंबर ते मार्च पश्चिमेचा वारा, तेव्हा गलबते पूर्वेकडे निघत. मे ते सप्टेंबर पूर्वेचा वारा, तेव्हा ती परतत. मधल्या काळात नाखोदा आणि खलाशी परक्या बंदरात मुक्काम करीत, काही तिथेच संसार थाटीत.

या व्यवस्थेत कोणी एक मालक नव्हता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. व्यापार सर्वांचा, समुद्र कोणाचाच नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीने हे बदलले. यान पीटरझोन कून या गव्हर्नर जनरलने १६२१ साली जायफळाच्या बांदा बेटांवर स्वारी केली. तेथल्या सुमारे १५,००० वस्तीपैकी फार तर हजारभर माणसे बेटांवर उरली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. काही मारली गेली, काहींना गुलाम करून नेले, काही पळाली, आणि पुष्कळ उपासमारीने मेली. तलवारीचे वर्णन सर्व पुस्तकांत आहे. आम्हांला त्यातला उपासमारीचा भाग अधिक बोलका वाटतो. ज्या बेटाचे अन्न होडीतून येते त्याच्याभोवती जहाजे उभी केली की तटबंदी फोडावीच लागत नाही.

पण समुद्रावरचा कायदा काही डचांनीच आणला असे मानायचे कारण नाही. सुलावेसीच्या बुगी लोकांपैकी वाजो येथून आलेल्या मंडळींची मकास्सर बंदरात मोठी वस्ती होती. त्यांचा प्रमुख आमान्ना गाप्पा याने १६७६ च्या सुमारास जलवाहतुकीची एक संहिता सिद्ध केली. कोठून कोठपर्यंत किती भाडे, नफ्याची वाटणी कशी, कर्ज बुडाले तर कोण जबाबदार, नाखोदाची कर्तव्ये कोणती, खलाशांचे प्रकार किती, हे सारे तिच्यात आहे. खलाशी हा तेथे नुसता पगारी नोकर नाही. तो आपला थोडा माल बरोबर नेतो आणि वाटणीत त्याचा हक्क असतो. सतराव्या शतकातला हा दस्तऐवज आम्ही प्रथम वाचला तेव्हा आमच्या मनात आले की आजच्या कित्येक मालकांना हा पाठ करायला लावावा. अर्थात बुगी समाजात गुलामीही होती, तेव्हा त्याची फार आरती ओवाळण्यात अर्थ नाही.

बुगी, मदुरी आणि बुतोनी लोकांची शिडाची गलबते पुढे डचांच्या सबंध अमदानीत चालू राहिली. मोठा माल मात्र एकोणिसाव्या शतकात वाफेच्या बोटींकडे गेला. येथे एक गमतीची गोष्ट आहे. १८६० नंतरच्या दशकांत डच सरकारने टपाल नेण्याचे कंत्राट ज्या कंपनीला दिले तिचे नाव डच होते, पण भांडवल इंग्रजांचे होते. तिच्यामागे विल्यम मॅकिनन हा स्कॉट गृहस्थ होता. कलकत्ता-रंगून टपालाच्या बोटींपासून ज्याची बी. आय. कंपनी वाढली तोच हा. आपल्या वसाहतीचा माल इंग्रजांच्या बोटीतून सिंगापूरला जातो आणि तेथले दलाल गबर होतात, हे ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांना सहन होईना. म्हणून युरोप-जावा मार्गावरच्या दोन डच कंपन्यांनी मिळून १८८८ साली के.पी.एम. काढली. १ जानेवारी १८९१ पासून तिच्या बोटी धावू लागल्या.

ही कंपनी चालवली मात्र मोठ्या हुशारीने, हे शत्रूनेही कबूल करावे. सरकारने टपालाचे कंत्राट आणि त्यापोटी पैसा द्यायचा, आणि कंपनीने ठरलेल्या तारखेला ठरलेल्या बंदरी बोट न्यायची, मग तेथे माल चार पोती असो वा चारशे. लहान बोटी आडबाजूच्या बेटांवरून माल गोळा करून मकास्सर, सुराबाया किंवा जाकार्ताच्या तांजुंग प्रिओक बंदरात आणीत. तेथे तो आईबाप कंपन्यांच्या मोठ्या जहाजांवर चढे आणि युरोपला जाई. उलट फेरीस कापड, रॉकेल, लोखंडी सामान आणि तांदूळ बेटांवर उतरे. मदुरा बेटावरचे सरकारी मक्त्याचे मीठ, बालीची गुरे, सुलावेसीचे खोबरे, बोर्निओचे वेत, असा सारा प्रपंच त्या बोटींच्या पोटात असे. बालीची डुकरे सिंगापूरला नेणाऱ्या बोटींना लोक डुकरांची एक्सप्रेस म्हणत. पुढे कंपनीने त्याच बालीला युरोपियन प्रवासी न्यायला सुरुवात केली आणि १९२८ साली देनपसारला त्यांच्यासाठी हॉटेलही बांधले. बालीच्या ज्या सौंदर्यावर आज जग फिदा आहे त्याची पहिली मोठी जाहिरात एका माल वाहणाऱ्या कंपनीने केली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

वेळापत्रक हे नुसते सोयीचे साधन नसते. कोणत्या बेटावर बोट महिन्यातून एकदा जाईल आणि कोणत्या बेटावर आठवड्याला, हे ज्याने ठरवले त्याने त्या बेटाचा व्यापार, तेथला भाव आणि तेथल्या दुकानदाराची उधारीही ठरवली. के.पी.एम.च्या जाळ्याने इंडोनेशियाची बेटे एकमेकांना जोडली हे खरे. पण ती जोडली ॲमस्टरडॅमच्या हिशेबाने. बोटींवरचे अधिकारी डच, खलाशी इंडोनेशियन. पन्नास वर्षे बोट चालवलेल्या देशात बोटीचा कप्तान होऊ शकेल असा देशी माणूस जवळजवळ तयारच होऊ दिला नाही. याची किंमत पुढे मोजावी लागली.

महायुद्धानंतरची एक हकीकत आपल्या अभिमानाची आहे. १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले. डचांची बरीच जहाजे तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत होती आणि ती सैन्य व सामान घेऊन जावाकडे परतायची होती. सप्टेंबरात इंडोनेशियन खलाशी बोटींवरून उतरले. ऑस्ट्रेलियन गोदी कामगारांनी डच जहाजांवर बहिष्कार घातला. डचांनी त्या जागी भारतीय खलाशी आणले, तर सिडनीला भारतीय खलाशीही काम सोडून उतरले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या, घरापासून हजारो मैल दूर, खिशात दमडी नसलेल्या या माणसांनी दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी रोजी सोडली. योरिस इव्हेन्स या डच दिग्दर्शकाने यावर १९४६ साली बोलपट काढला, ‘इंडोनेशिया कॉलिंग’ या नावाचा. संपाच्या इतिहासात आम्हांला याहून स्वच्छ संप फारसे आढळले नाहीत.

आणि लगेच पुढच्या वर्षी तांदळाची गोष्ट. १९४६ साली आपल्याकडे अन्नधान्याची भीषण टंचाई होती. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची राख अजून गरम होती. त्या वेळी पंतप्रधान सुतान शहरीर यांनी भारताला ५ लाख टन भात देऊ केले आणि मोबदल्यात कापड व अवजारे मागितली. ज्या सरकारला डच मानतच नव्हते, त्या सरकारने डचांच्या नाकेबंदीत परदेशाशी व्यवहार केला. पूर्ण वायदा पार पडला नाही, पण पूर्व जावाच्या बंदरांतून भात निघाले आणि भारतात आले. धान्याची बोट राजकारण करते ती अशी.

२७ डिसेंबर १९४९ ला सत्तांतर झाले, पण करारात डच कंपन्यांना अभय मिळाले होते. झेंडा बदलला, बोटी त्याच राहिल्या. सरकारने २८ एप्रिल १९५२ रोजी पेलनी ही स्वतःची जहाज कंपनी काढली. ती अवघ्या आठ लहान बोटींवर सुरू झाली. समोर के.पी.एम.चा काफिला. मधल्या काळात बाहेरच्या बेटांची कुरकुर वाढली. मिनाहासाच्या शेतकऱ्याने खोबरे पिकवायचे, ते सरकारी भावाने द्यायचे, आणि परकी चलनाचा लाभ जाकार्ताने घ्यायचा. १९५६ साली तेथल्या लष्करी अधिकाऱ्यांनी खोबरे परस्पर परदेशी पाठवायला सुरुवात केली. बोट जिकडे वळते तिकडे निष्ठा वळू लागली होती.

अशा स्थितीत १९५७ चा डिसेंबर आला. पश्चिम न्यू गिनी हा प्रदेश डचांनी अजून सोडला नव्हता. त्यावरचा ठराव २९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रसंघात दोन तृतीयांश मतांअभावी पडला. २ डिसेंबरला डच कंपन्यांत चोवीस तासांचा संप झाला. दुसऱ्या दिवशी राष्ट्रवादी पक्षाच्या युनियनने के.पी.एम.च्या कचेरीत प्रवेश केला, आणि सोब्सी ही कम्युनिस्टांची, देशातील सर्वांत मोठी कामगार संघटना, इतर कंपन्यांत मागोमाग उतरली. कचेरीत केवढा उत्साह असेल याची आम्ही कल्पना करू शकतो. अशा प्रसंगी रात्री कोणी झोपत नाही.

पण जहाज कंपनी म्हणजे कचेरी नव्हे. बंदरांत सापडल्या त्या बोटी अडकल्या. ज्या समुद्रावर होत्या त्यांना कंपनीने तारेने हुकूम दिला की इंडोनेशियाच्या पाण्याबाहेर निघा. त्या सिंगापूरसारख्या परक्या बंदरांत जाऊन उभ्या राहिल्या. उरलेल्या अडकलेल्या बोटीही विमा कंपन्यांच्या दडपणामुळे पुढच्या वर्षी आरंभीच्या महिन्यांत सोडून द्याव्या लागल्या. कामगारांच्या हातात राहिल्या त्या किल्ल्या आणि खुर्च्या.

आमचा स्वतःचा एक अनुभव आहे. आम्ही हमाल-माथाडी कामगारांत काम करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गोदामाच्या मालकाशी आमचा तंटा झाला. आम्ही शंभर माणसे पुढच्या फाटकाशी मांडी घालून बसलो, भजने काय, भाषणे काय! मागल्या भिंतीला एक लहान फाटक होते, ते आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात नव्हते. तीन रात्रींत सगळा माल तेथून दुसऱ्या गावी गेला. चौथ्या दिवशी मालकाने आपणहून पुढचे दार उघडून दिले आणि म्हणाला, घ्या, बसा आत. ते रिकामे गोदाम आम्ही अजून विसरलो नाही. त्या दिवसापासून कोठेही बैठक मारण्यापूर्वी आम्ही इमारतीला एक प्रदक्षिणा घालतो.

जाकार्ताच्या कामगारांना रिकामे गोदाम मिळाले असते तर निदान नुकसान त्यांचेच झाले असते. येथे बेटे उपाशी पडली. जेथे तांदूळ जायचा तेथे तो जाईना, भाव चढले. आणि जेथून खोबरे यायचे तेथे ते गोदामात पडून राहिले. हाती होत्या त्या पेलनीच्या बोटी, काही लहान खाजगी कंपन्या आणि बुगी-मदुरी लोकांची शिडाची गलबते. ज्या गलबतांना शहाण्या मंडळींनी जुनाट म्हणून मोडीत काढले होते, तीच या दिवसांत बेटांच्या उपयोगी पडली. सरकारने जपानकडून आणि इतर देशांकडून मिळतील तशा बोटी भाड्याने आणि विकत घेतल्या. जानेवारी १९५८ मध्ये जपानशी युद्धभरपाईचा करार झाला, त्यातही जहाजे मागून घेतली. त्याच फेब्रुवारीत सुमात्रात बंडखोरांचे सरकार जाहीर झाले आणि सुलावेसीही त्याला मिळाले. हे सारे बोटींमुळे घडले असे आम्ही म्हणत नाही. पण तांदूळ येत नाही आणि खोबरे जात नाही, अशा बेटावर राजधानीचा माणूस कोणत्या तोंडाने जाणार?

आणि कामगारांचे काय झाले? देशात मार्चपासून लष्करी कायदा होताच. ताबा घेतल्यानंतर दहा-बारा दिवसांतच जनरल नासुतिओन यांच्या हुकमाने ताब्यातल्या डच कंपन्यांवर लष्कराची देखरेख बसली. डच मॅनेजराच्या खुर्चीवर कर्नल आला. पुढे वर्षभराने राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला, तोपर्यंत अधिकारी त्या खुर्च्यांत चांगले रुजले होते, आणि महत्त्वाच्या उद्योगांत संप करण्यास मनाई झाली होती. १९६५-६६ च्या हत्याकांडानंतर तर सोब्सी उरलीच नाही. ज्यांनी कचेरी घेतली होती त्यांपैकी किती जण त्या वर्षी जिवानिशी गेले, हे मोजणार कोण?

त्या डिसेंबरातली एक गोष्ट मात्र टिकली. डच अमदानीतल्या १९३९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक बेटाभोवती तीन मैल एवढेच पाणी देशाचे. म्हणजे जावा आणि बोर्निओ यांच्यामधला समुद्र कायद्याने परका, आणि त्यातून डच युद्धनौका बिनदिक्कत जाऊ शकत. १३ डिसेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जुआंदा यांनी जाहीर केले की सर्वांत बाहेरच्या बेटांची टोके जोडून जी रेघ निघेल तिच्या आतले सारे पाणी आमचे, आणि तिच्या बाहेर बारा मैल आणखी. मोठ्या राष्ट्रांनी निषेध केला. पंचवीस वर्षे खटपट चालली आणि १९८२ च्या आंतरराष्ट्रीय समुद्र करारात हे तत्त्व मान्य झाले. बोटी नव्हत्या तेव्हा त्यांनी पाणी मिळवले. इंडोनेशियन भाषेत मायभूमीला शब्द आहे ‘तानाह आयर’, म्हणजे माती-पाणी. जुआंदांनी दुसऱ्या शब्दाला कायद्यात बसवले, एवढेच.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. पेलनी वाढली. १९८० नंतर जर्मनीत बांधलेल्या तिच्या मोठ्या प्रवासी बोटी आल्या. लाकडी गलबतांना १९७० नंतर इंजिने बसली. कंटेनर आले आणि हमालांचे काम घटले, ते जगभर घटले. देशाच्या बंदरांमधला माल देशी झेंड्याच्या जहाजांनीच न्यावा हा दंडक २००५ मध्ये पुन्हा कडक केला गेला आणि २००८ च्या कायद्यात घातला गेला. तरी पापुआमध्ये सिमेंटचे पोते जावाच्या कितीतरी पट भावाने विकले जात होते. म्हणून २०१५ च्या अखेरीस जोको विडोडो यांच्या सरकारने ‘तोल लाउत’ म्हणजे समुद्रमार्ग या नावाने सरकारी मदतीच्या ठराविक फेऱ्या सुरू केल्या. मदत घेऊन ठरलेल्या तारखेला आडबाजूच्या बेटावर बोट न्यायची, ही १८९१ चीच युक्ती. फरक इतका की आता हिशेब जाकार्तात होतो.

पण या फेऱ्यांचे दुखणे आपल्या कोणत्याही ट्रकवाल्याला विचारा, तो लगेच सांगेल: परतीचा माल. तांदूळ, तेल, सिमेंट भरून बोट पूर्वेकडे जाते आणि येताना बरीचशी रिकामी येते, कारण तेथे ना कारखाना, ना मासळी साठवायला पुरेशी शीतगृहे. रिकाम्या फेरीचा खर्च कोणीतरी भरतोच. सरकारने भरला तर तिजोरीतून, नाहीतर पूर्वेकडच्या माणसाच्या तांदळाच्या भावातून. शिवाय बोटीचे भाडे सरकारने कमी केले तरी धक्क्यापासून दुकानापर्यंतच्या दलालाचे भाडे कमी होत नाही. स्वस्त आलेला माल मधल्या दोन हातांनी पुन्हा महाग केल्याच्या तक्रारी तेथे वारंवार होतात.

जाकार्ताच्या जुन्या सुंदा केलापा बंदरात लाकडी गलबतांची रांग लागते, तिचे चित्र आम्ही आमच्या कचेरीत लावले आहे. गलबताच्या काठापासून धक्क्यापर्यंत एक अरुंद फळी टाकलेली असते. त्या फळीवरून हमाल पाठीवर सिमेंटचे पोते घेऊन चढतो, आणि फळी त्याच्या पायाखाली वाकते. आमच्या कचेरीत येणारा प्रत्येक माथाडी ते चित्र पाहून एकच प्रश्न विचारतो, की तिकडे पोत्यामागे काय दर मिळतो.